पाव, पाऊण आणि साडेबारा टक्के

एखाद्या पूर्ण वस्तूचे सारखे भाग केले आणि त्यांतले काही घेतले, की हातात किती आले ते सांगणारी संख्या म्हणजे अपूर्णांक. किती सारखे भाग केले ते छेद सांगतो, त्यांतले किती घेतले ते अंश सांगतो. ३/४ म्हणजे पूर्णाचे चार सारखे भाग करून त्यांतले तीन घेतले. व्याख्या एवढीच आहे, पण तिच्यात दोन अटी आहेत आणि अपूर्णांकांतल्या बहुतेक चुका या अटी विसरल्यामुळे होतात. भाग सारखे हवेत, आणि पूर्ण कशाला म्हटले आहे ते ठरलेले हवे.

पहिली अट मासळीच्या बाजारात लगेच कळते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँच खाडी ओलांडून मोरा बंदराला लागतात. उरणचे हे बंदर. या पट्ट्यात कोळणी मांदेली, कोळंबी अशी लहान मासळी वाट्यावर विकतात. पाटीतल्या मासळीचे आठ वाटे लावले आणि गिऱ्हाइकाने एक उचलला, तर त्याने मासळीचा आठवा भाग नेला असे म्हणायचे का? वाटे तंतोतंत सारखे असतील तरच. वाटा नजरेने लावलेला असतो, घासाघीस झाली की वर मूठभर मासळी पडते, आणि तिथे अपूर्णांक मोडतो. व्यवहाराला त्याने काही बाध येत नाही, गणिताला येतो.

दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. 'पाव' ही एकटी संख्या कानाला कितीही ओळखीची वाटली, तरी पाव भाकरी, पाव किलो आणि पाव एकर यांत सारखे काय? फक्त पूर्णाशी असलेले नाते. मोठ्या भाकरीची चतकोर लहान भाकरीच्या अर्ध्यापेक्षा मोठी असू शकते. म्हणून अपूर्णांक समोर आला की पहिला प्रश्न 'किती?' हा नसून 'कशाचा?' हा असतो.

छेद वाढला की भाग लहान होतो, हेही इथेच नीट पाहून घ्यावे. आठ हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा, अशी समजूत लहान मुलांची हमखास होते. भाकरी चौघांत वाटली आणि आठ जणांत वाटली तर कोणाच्या वाट्याला जास्त येईल, असे विचारले की ती क्षणात जाते.

मराठी भाषेने हे नाते शब्दांतच जपून ठेवले आहे. पाव हा शब्द संस्कृत 'पाद' यावरून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पादासह तो सपाद, त्याचा झाला सव्वा. पाद कमी तो पादोन, त्याचा झाला पाऊण. अर्ध्यासह तो सार्ध, त्याचे झाले साडे. अडीच तर फारच सुंदर आहे. 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. दोन पूर्ण झाले आणि तिसऱ्याचा अर्धाच भाग आहे. याच रीतीने चौथा अर्धा तो औट, म्हणजे साडेतीन. औट आता बोलण्यात क्वचितच येतो, पण जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पाठोपाठ औटकीही म्हटली जाई. ही अपूर्णांकांची पाढ्यांसारखी पाठांतरे होती. बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात, असे तोंडी असलेल्या माणसाला शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते, हे वेगळे समजावून द्यावे लागत नसे.

सव्वा आणि पावणे या दोन शब्दांत दोन वेगळ्या क्रिया आहेत. सव्वादोनमध्ये दोनात पाव मिळवायचा, पावणेतीनमध्ये तीनातून पाव काढायचा. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त या दोन्ही प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत. भाग जोडला की भागानुबंध, भाग काढला की भागापवाह. आणि तिथली पहिली उदाहरणेही सव्वादोन आणि पावणेतीन हीच आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा सव्वा आणि पावणे म्हणणारी मराठी जीभ आणि ते गणित शिकवणारा मठ एकाच भूमीतले.

त्या काळी अपूर्णांक लिहिताना अंश वर आणि छेद खाली मांडत, मधली आडवी रेघ नसे. ती रेघ अरबी गणितींनी बाराव्या शतकाच्या सुमारास वापरात आणली. मराठी वह्यांत मात्र वेगळीच सोय होती. पूर्ण आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५। हे सव्वापाच, ५॥ हे साडेपाच, ५॥। हे पावणेसहा. एका रेघेची किंमत एक पाव, इतके कळले की वही वाचता येई.

ही सगळी व्यवस्था अर्ध्याच्या अर्ध्यावर उभी होती. धान्य मोजण्याच्या मापांत दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. चिपटे म्हणजे पाव शेर, कोळवे म्हणजे शेराचा आठवा भाग आणि निळवे सोळावा. रुपयाचेही सोळा आणे. म्हणून 'सोळा आणे खरे' म्हणजे पूर्ण खरे. शेतजमिनीतला वारसांचा हिस्सा चार आणे, आठ आणे असा सांगत; पिकाचा अंदाज सोळा आण्यांच्या पूर्ण पिकाशी ताडून आणेवारी काढत. रुपयाशी या आण्यांचा संबंध नव्हता. जमीन असो की पीक, पूर्ण म्हणजे सोळा, असे ते मोजमाप होते. अर्धे करणे डोळ्यांना आणि हातांना सर्वांत सोपे असते. दोरी दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की पाव, तिसऱ्यांदा दुमडली की आठवा भाग. पाच सारखे भाग असे दुमडून होत नाहीत.

अर्ध्यांच्या पलीकडचे भाग पाहायचे तर मोरा बंदराच्या पाण्याकडे पाहावे. ओहोटीला इथे गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागणे कठीण होते. म्हणून पाणी किती वेळात किती चढते याला इथे रोजचे महत्त्व आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात. या वेळेत पाणी एकाच वेगाने चढत नाही. सुरुवातीला हळू, मध्यावर झपाट्याने आणि शेवटी पुन्हा हळू. जगभरचे दर्यावर्दी यासाठी बाराव्या भागांचा एक ढोबळ हिशेब वापरतात. भरतीचा काळ सहा तासांचा धरायचा आणि पाण्याच्या एकूण चढावाचे बारा सारखे भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. एक, दोन, तीन, तीन, दोन, एक मिळून बारा, म्हणजे १२/१२, म्हणजे पूर्ण.

आता बेरीज करत जावे. पहिल्या तासाअखेर १/१२. दुसऱ्या तासाअखेर १/१२ आणि २/१२ मिळून ३/१२. तीन भागांचा एक गट धरला तर बारा भागांत असे चार गट होतात, त्यांतला हा एक. म्हणून ३/१२ म्हणजेच १/४, पाव. तिसऱ्या तासाअखेर ६/१२, निम्मे. चौथ्या तासाअखेर ९/१२, पाऊण. पाचव्याअखेर ११/१२ आणि सहाव्याअखेर पूर्ण भरती. ३/१२ आणि १/४ यांना सममूल्य अपूर्णांक म्हणतात. पाणी तेवढेच, भाग मोजण्याची रीत बदलली. समजा एखाद्या दिवशी पाण्याचा एकूण चढाव ३.६ मीटर आहे, तर बारावा भाग ०.३ मीटर. दोन तासांनी ०.९ मीटर, तीन तासांनी १.८, चार तासांनी २.७. निम्मा वेळ गेला तेव्हा निम्मे पाणी आले खरे, पण एक तृतीयांश वेळ गेला तेव्हा पावच आले होते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चढाव मोठा असतो, अष्टमीच्या भांगाला लहान. पूर्ण बदलते, म्हणून पावाचे मीटरही बदलतात. पाव मात्र पावच राहतो.

बारा या छेदाची आणखी एक सोय आहे. १/४ आणि १/३ यांची बेरीज सरळ होत नाही, कारण चौथे भाग आणि तिसरे भाग आकाराने वेगळे. दोन्हींचे बारावे भाग केले की पाव म्हणजे तीन बारांश, तृतीयांश म्हणजे चार बारांश, एकूण ७/१२. छेद सारखा करणे म्हणजे सगळे तुकडे एकाच मापाचे करून घेणे, दुसरे काही नाही. हाच आकडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात कागदावर असतो, पण तो अपूर्णांक नाही. ७/१२ चा उतारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा एकत्र. मधली तिरपी रेघ फक्त दोन नमुने जोडते.

दशांश अपूर्णांक म्हणजे ज्यांचा छेद दहा, शंभर, हजार असाच असतो ते अपूर्णांक. छेद ठरलेलाच असल्यामुळे तो लिहावा लागत नाही; दशांश चिन्हानंतरची जागाच तो सांगते. ३४५ मध्ये डावीकडून उजवीकडे येताना प्रत्येक स्थानाची किंमत दसपट कमी होते: शतक, दशक, एकक. एककापाशी न थांबता तसेच पुढे गेले की दशांश, शतांश, सहस्रांश. ०.१२५ म्हणजे एक दशांश, दोन शतांश, पाच सहस्रांश; एकत्र वाचले तर १२५ सहस्रांश. समरकंदचा गणिती अल-काशी याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात दशांश अपूर्णांक पद्धतशीर मांडले, आणि १५८५ मध्ये सायमन स्टेविन याने छोट्या पुस्तिकेतून ते युरोपातल्या व्यापाऱ्यांना आणि मोजणीदारांना शिकवले.

०.१२५ आणि ०.५ यांत मोठा कोणता, या प्रश्नालाही मुले अडखळतात, कारण १२५ पाचापेक्षा मोठा दिसतो. दोन्हींचे सहस्रांश करावेत: १२५ सहस्रांश आणि ५०० सहस्रांश. उजवीकडे शून्ये जोडून ०.५ चे ०.५०० केले तरी किंमत बदलत नाही, तुकडे फक्त बारीक होतात. याउलट ०.५ आणि ०.०५ यांत दसपटीचा फरक आहे. साडेपाच रुपये ५.५० आणि पाच रुपये पाच पैसे ५.०५, हे पैशांत कोणी चुकत नाही. म्हणून दशांशांची पहिली ओळख पैशांतून करून द्यावी.

भारतातल्या घराघरांत दशांश पोहोचले ते पैशांतूनच. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै होते. चार आण्यांचे बरोबर २५ नये पैसे आणि आठ आण्यांचे ५०, पण एका आण्याचे सव्वासहा आणि दोन आण्यांचे साडेबारा. असे नाणे नव्हते, म्हणून बदलून देताना एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९ नये पैसे धरले गेले. जुन्या पद्धतीची एक खुबी या बदलात गेली. रुपया तिघा भावांत वाटला तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, काही उरत नाही. शंभर पैसे तिघांत वाटले तर प्रत्येकाला ३३ आणि एक पैसा शिल्लक. १/३ दशांशात लिहू गेल्यास ०.३३३३ असे तीन येतच राहतात. कारण साधे आहे. दहा हा दोन आणि पाच यांचा गुणाकार, त्यात तीन नाही. ज्यांच्या छेदात, संक्षेप केल्यावर, दोन आणि पाच यांच्याखेरीज दुसरा मूळ अवयव नसतो तेच अपूर्णांक दशांशात संपतात. १/८ संपतो: ०.१२५. भरतीचा १/१२ संपत नाही: ०.०८३३३ आणि पुढे तीनच तीन. त्याला आवर्ती दशांश म्हणतात.

अपूर्णांकांचा गुणाकार मराठीत 'चा, ची, चे' या प्रत्ययात लपलेला आहे. पावाचा अर्धा म्हणजे १/४ गुणिले १/२, म्हणजे १/८. गुणाकार करून संख्या लहान कशी झाली, याचे नवल वाटायला नको. एका भागाचाही भागच घेतला आहे. 'लीलावती'त अशा भागाच्या भागाला प्रभाग म्हटले आहे आणि त्याचे उदाहरण एका कंजुषाचे आहे. त्याने याचकाला द्रम्म या नाण्याच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चौथा हिस्सा दिला. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे १/३, त्याचा पाऊण १/४, त्याचा पंचमांश १/२०, त्याचा सोळावा भाग १/३२०, त्याचा चौथा १/१२८०. त्या काळच्या कोष्टकात एका द्रम्माच्या बरोबर १२८० कवड्या होत. एवढ्या लांबलचक दानातून याचकाच्या हातात पडली एक कवडी.

असाच प्रभाग पनवेल-उरणच्या माणसांच्या आयुष्यात येऊन बसला आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाकडे या शहराचे काम होते. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. या पट्ट्यात 'साडेबारा टक्के' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

टक्का म्हणजे शंभरावा भाग. १२.५/१०० म्हणजे १२५/१०००, आणि १२५ ने संक्षेप केला की १/८. जुन्या भाषेत रुपयामागे दोन आणे. एका एकराचे चाळीस गुंठे. त्यांचा आठवा भाग पाच गुंठे. म्हणजे एकर गेला तर पाच गुंठे परत. पण योजनेत यातलेही तीस टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वगळले जातात. हे तीस टक्के कशाचे? मूळ एकराचे नव्हेत, परत मिळणाऱ्या पाच गुंठ्यांचे. पाचाचे तीस टक्के म्हणजे दीड गुंठा. हातात उरले साडेतीन गुंठे, औट गुंठे. अपूर्णांकात मांडले तर १/८ गुणिले ७/१०, म्हणजे ७/८०, दशांशात ०.०८७५, टक्क्यांत पावणेनऊ. पूर्ण बदलल्याचे लक्षात घेतले नाही आणि साडेबारातून तीस वजा करायला गेले, तर हिशेबच होत नाही. पुढे हेच साडेतीन गुंठे चार वारसांत वाटले तर प्रत्येकाला ७/८ गुंठा, ०.८७५. एक एकराच्या खातेदाराच्या घरात एका वारसाच्या वाट्याला पूर्ण गुंठाही येत नाही.

दशांश चिन्हासारखा दिसणारा प्रत्येक ठिपका दशांश चिन्ह नसतो, हेही जमिनीच्या कागदावर कळते. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन घरांत येते. एक एकर म्हणजे ०.४०.४७, अर्थात शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर. अर्धा हेक्टर ०.५०.०० असा लिहितात. कोणी घाईत ०.५.० लिहिले तर त्याचा अर्थ पाच आर होईल, म्हणजे अर्ध्या हेक्टरचा दहावा भाग. क्रिकेटमध्येही १२.५ षटके म्हणजे साडेबारा षटके नव्हेत. बारा षटके आणि पाच चेंडू, म्हणजे तेराव्या षटकातले पाच सहांश झाले.

हे सगळे घरी करून पाहता येते. वर्तमानपत्राच्या उंचीतून ४० सेंटिमीटर लांब आणि बोटभर रुंद पट्टी कापून घ्यावी. हा एक एकर. एक सेंटिमीटर म्हणजे एक गुंठा. पट्टी तीनदा दुमडून उलगडली की आठ सारखे भाग दिसतील. त्यांतला एक कापून घ्यावा, तो भरेल पाच सेंटिमीटर. त्याच्या एका टोकाकडून दीड सेंटिमीटर मोजून वेगळा काढावा. उरलेला साडेतीन सेंटिमीटरचा तुकडा आणि बाजूला पडलेली ३५ सेंटिमीटरची पट्टी मुलांसमोर शेजारी ठेवावी आणि मग वहीत ०.०८७५ लिहावे.